औषध नव्हते त्या दिवसांची नोंद

सरकारी रुग्णालयातून दरवर्षी पुढच्या वर्षाच्या औषधांचे मागणीपत्र वरिष्ठ कार्यालयाकडे जाते. त्या तक्त्यात औषधाचे नाव, मात्रा, गेल्या वर्षीचा वापर, हजर शिल्लक आणि पुढच्या वर्षाची मागणी असे रकाने असतात. शेवटचा रकाना भरण्याची रीत बहुतेक ठिकाणी ठरून गेलेली आहे. गेल्या वर्षीचा वापर घ्यायचा, त्यात दहा टक्के वाढ धरायची आणि हजर शिल्लक वजा करायची. रुग्णालयातील औषधसाठ्याचे व्यवस्थापन सुधारायचे असेल तर सुरुवात या रीतीपासून करावी लागेल, असे कोकणातील एका उपजिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात काम करताना माझे ठाम मत झाले आहे. नवी कपाटे, नवे संगणक, नवी प्रणाली या सगळ्यांचा उपयोग आहेच. परंतु मुळातला आकडा चुकीचा असेल तर या साधनांमुळे तो चुकीचाच आकडा अधिक लवकर वर पोहोचतो.

चूक कुठे होते ते सेफ्ट्रिॲक्सोन या प्रतिजैविकाच्या १ ग्रॅमच्या इंजेक्शनवरून पाहू. समजा, वर्षभरात ३,६०० व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या, वापरल्या गेल्या. बारा महिन्यांनी भागले की महिन्याला ३०० असा वापर निघतो, आणि दहा टक्के वाढ धरून पुढच्या वर्षासाठी ३,९६० व्हायलची मागणी जाते. परंतु साठा नोंदवहीचे ते पान महिनावार उलटले आणि असे दिसले की वर्षातले चार महिने हे इंजेक्शन भांडारात नव्हतेच, तर सगळा हिशेब बदलतो. ३,६०० व्हायल आठच महिन्यांत संपल्या आहेत, म्हणजे खरी गरज महिन्याला ४५० ची आणि वर्षाला ५,४०० ची आहे. ३,९६० ची मागणी पूर्णपणे मंजूर झाली आणि सगळा माल वेळेवर आला तरी तो नऊ महिन्यांच्या आतच संपणार. त्यानंतर पुन्हा तुटवडा पडणार, वर्षाचा वापर पुन्हा ३,९६० एवढाच दिसणार आणि त्यावरून पुढची मागणी तयार होणार. या साखळीत कोणीही खोटी नोंद केलेली नाही, प्रत्येक आकडा नोंदवहीशी जुळतो, लेखापरीक्षणात त्यावर एकही आक्षेप निघत नाही आणि तरीही तुटवडा वर्षानुवर्षे तसाच पुढे चालत राहतो.

याचा अर्थ असा की ज्याला आपण ‘वापर’ म्हणतो तो उपलब्ध साठ्यातून झालेला खर्च असतो. जे औषध नव्हते म्हणून देता आले नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. ज्या रुग्णाला ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली, त्याने ते औषध गावातल्या मेडिकलमधून आणले असेल, उसने पैसे घेऊन आणले असेल किंवा आणलेच नसेल. आपल्या नोंदवहीच्या दृष्टीने त्या रुग्णाला त्या औषधाची गरजच पडली नव्हती. मला ही गोष्ट फार गंभीर वाटते, कारण सरकारी रुग्णालयात येणाऱ्या माणसाची गरज मोजण्याचे आपल्याकडचे साधन मुख्यतः ही नोंदवहीच आहे.

यावरचा उपाय साधा आहे. साठा नोंदवहीच्या पानावर ज्या दिवशी शिल्लक शून्य होते ती तारीख लाल शाईने लिहायची आणि नवा माल आला की मधले दिवस मोजून त्याच ओळीत मांडायचे. वर्षाच्या शेवटी एकूण वापराला बाराने भागण्याऐवजी औषध जितके महिने प्रत्यक्ष उपलब्ध होते तितक्या महिन्यांनी भागायचे. त्याच्या जोडीला औषध वाटपाच्या खिडकीवर एक अनुपलब्ध नोंदवही ठेवायची आणि केसपेपरवर लिहिलेले जे औषध देता आले नाही, त्याचे नाव आणि संख्या तिच्यात टिपायची. सकाळी दहा ते बारा या वेळेत खिडकीवर केवढी रांग असते ते मला माहीत आहे, त्यामुळे रुग्णाचे नाव, वय, पत्ता असे काहीही त्यात नको. औषधाच्या नावापुढे एक रेघ ओढली की पुरे.

येथे एक अडचण येते आणि ती उघडपणे सांगितली पाहिजे. शिल्लक शून्य दाखवणे म्हणजे विचारणा ओढवून घेणे, अशी भीती यंत्रणेत सगळीकडे आहे. त्यामुळे काही ठिकाणी शेवटची एक-दोन पाकिटे राखून ठेवली जातात, म्हणजे अहवालात ‘उपलब्ध’ असे लिहिता येते. औषधसाठ्याची संगणकावर नोंद ठेवणाऱ्या ई-औषध प्रणालीलाही दहा गोळ्या आणि दहा हजार गोळ्या या दोन्ही शिल्लकच दिसतात. म्हणून शून्याची व्याख्याच बदलावी, असे मला वाटते. एका आठवड्याच्या सरासरी वापरापेक्षा कमी साठा उरला की ते औषध ‘नाही’ असे धरावे. असे केल्याने चार गोळ्या राखून ठेवण्याचे कारणच उरत नाही आणि अहवाल पाहणाऱ्यालाही परिस्थिती वेळेवर कळते.

वापराच्या आकड्यात आणखी एक गळती आहे आणि ती स्थानिक खरेदीची आहे. दरकरारावरचा, म्हणजे आधी ठरलेल्या दराने होणारा, पुरवठा थांबला की रुग्णालय आपल्या मर्यादेत स्थानिक खरेदी करते किंवा रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून औषध घेते. त्या मालाची कंपनी वेगळी, पॅकिंग वेगळे, बिल वेगळे आणि बऱ्याचदा नोंदवहीही वेगळी. वर्षाअखेरीस मुख्य पुरवठ्याचा वापर काढताना हा खर्च त्यात मिळवायचा राहून जातो. औषधाच्या मूळ, म्हणजे जेनेरिक नावाखाली दोन्ही खर्च एकाच पानावर येत नाहीत तोपर्यंत गरजेचा आकडा पूर्ण होत नाही.

आणि कधी कधी मागचा वापर अगदी अचूक नोंदवलेला असला तरी तो पुढच्या वर्षासाठी उपयोगी ठरत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. केसपेपरचे पैसे देणेसुद्धा ज्यांना जड जात होते, अशी माणसे त्यामुळे दवाखान्यात येऊ लागली, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या मागणीपत्रांचा पाया त्या तारखेच्या आधीच्या वापरावर होता, त्यांचा हिशेब त्यामुळे उघडाच कमी पडणार होता. धोरण बदलते तेव्हा भांडाराला बाह्यरुग्ण विभागाची ताजी संख्या हाती घेऊन नव्याने गणित मांडावे लागते; अशा वेळी दहा टक्क्यांची ठरावीक वाढ काही कामाची नाही.

आता कोणत्या औषधाकडे किती लक्ष द्यायचे, या प्रश्नाकडे येतो. रुग्णालयाच्या यादीत औषधे, सलाईन, सिरिंज, कॅन्युला, हातमोजे, टाक्यांचा धागा, गॉज, प्रयोगशाळेची रसायने असे शेकडो प्रकार असतात आणि सगळ्यांवर सारखी नजर ठेवणे शक्य नसते. त्यासाठी वर्गीकरणाच्या दोन पद्धती जगभर वापरल्या जातात. एबीसी पद्धत किमतीवर चालते. त्यात साधारणपणे दहा-वीस टक्के वस्तूंवर सुमारे सत्तर टक्के पैसा खर्च होतो आणि त्या ‘ए’ गटात जातात, तर अगदी थोड्या खर्चाच्या असंख्य वस्तू ‘सी’ गटात पडतात. दुसरी व्हीईडी पद्धत औषधाच्या निकडीवर चालते. ज्याच्यावाचून जीव जाऊ शकतो ते व्हायटल, ज्याच्यावाचून उपचार अडतो ते इसेन्शियल आणि जे असले तर बरे ते डिझायरेबल. या दोन्ही पद्धती एकत्र मांडल्या पाहिजेत हे पुस्तकात शिकवतात, पण कार्यालयात चर्चा मात्र ‘ए’ गटाचीच होते, कारण पैशाचा हिशेब तिथे असतो.

माझ्या अनुभवात भांडाराची खरी परीक्षा ‘सी’ गटातील व्हायटल औषधांवर होते, म्हणजे किमतीने नगण्य आणि निकडीने सर्वांत वरची. कोकणातल्या वाचकांना याचे उदाहरण लगेच पटेल. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयात काम करताना दाखवून दिले. त्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. हे औषध म्हणजे रक्तदाबावरची जुनी, स्वस्त गोळी आहे. वर्षभराच्या खरेदीच्या तक्त्यात तिची रक्कम इतकी लहान असते की ती यादीच्या अगदी तळाशी जाते, आणि पुरवठादारालाही एवढ्या छोट्या मागणीत रस नसतो. पण भिंतीच्या फटीत हात घातलेल्या मुलाला रात्री दरदरून घाम सुटलेला असतो, हातपाय गार पडलेले असतात, तेव्हा त्या रुग्णालयातील सर्वांत मौल्यवान वस्तू तीच गोळी असते. अशा औषधांची एक स्वतंत्र छोटी यादी करून ती भांडाराच्या दाराच्या आतल्या बाजूला लावावी आणि रोज सकाळी भांडार उघडताना आधी तिच्यावरून नजर फिरवावी. प्राझोसिन, ॲड्रेनालिन, ॲट्रोपिन, निओस्टिग्मीन, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम ग्लुकोनेट, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सर्पदंशाची लस अशी ती यादी आहे. ती वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

या यादीतील औषधांचा साठा व्हायलमध्ये मोजू नये, रुग्णांमध्ये मोजावा, असे मी आग्रहाने सांगेन. सर्पदंशात विषबाधेची लक्षणे दिसू लागली की सुरुवातीलाच साधारण दहा व्हायल लागतात आणि काही रुग्णांना त्यानंतर पुन्हा तेवढ्याच द्याव्या लागतात. म्हणजे नोंदवहीत ‘शिल्लक ८’ असे असेल तर प्रत्यक्षात एकाही रुग्णाचा उपचार पूर्ण होणार नाही. मॅग्नेशियम सल्फेटचे तेच आहे. गरोदरपणात झटके आलेल्या स्त्रीला प्रिचर्ड पद्धतीने हे औषध देताना सुरुवातीला १४ ग्रॅम आणि पुढे दर चार तासांनी ५ ग्रॅम असे चोवीस तास द्यावे लागते. एका ॲम्प्युलमध्ये १ ग्रॅम असेल तर एका बाईसाठी चाळीसहून अधिक ॲम्प्युल लागतात. ‘शिल्लक २५’ हा आकडा वाचून जो निश्चिंत होतो, त्याला हे माहीत नसते. म्हणून आमच्या यादीत औषधाच्या नावापुढे ‘किती रुग्णांना पुरेल’ असा रकाना आहे आणि तो दोनच्या खाली आला की जिल्ह्याला फोन जातो.

ऑक्सिजनचा हिशेब असाच तासांत करावा लागतो. मोठ्या, म्हणजे डी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर लागणारा एक रुग्ण तासाला ६०० लिटर घेतो, म्हणजे एक सिलिंडर त्याला साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हे गणित साऱ्या महाराष्ट्राने प्राण कंठाशी आणून केले. नंदुरबारसारख्या दुर्गम जिल्ह्यात प्रशासनाने वेळेवर ऑक्सिजन निर्मितीचे प्लांट उभे केले आणि प्रवाह तपासत राहण्याची जबाबदारी खास परिचारिकांवर सोपवली, त्याचा मोठा उपयोग झाला. नळीतून वाया जाणारा वायू वाचवणे हीसुद्धा साठ्याची भरच आहे, हे त्या परिचारिकांनी दाखवून दिले.

वॉर्डांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण रुग्णालयाचा बराचसा साठा भांडारात नसून वॉर्डांच्या कपाटांत असतो. भांडारातून माल दिला की आपल्या लेखी तो ‘वापरला’ गेला. पण तो रुग्णाला दिला गेला की वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेच्या, म्हणजे परिसेविकेच्या, कपाटात पडून आहे, हे भांडाराला कळत नाही. प्रत्यक्ष कपाटे पाहिली तर एका वॉर्डात कॅन्युलांची खोकी साठलेली असतात आणि शेजारच्या वॉर्डाचे कॅन्युलांसाठीचे इंडेंट, म्हणजे मागणीची चिठ्ठी, भांडाराकडे पडलेले असते. याला साठेबाजी म्हणणे अन्यायाचे आहे. एका अनुभवी परिसेविकेला मी याबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, रात्री दोन वाजता तुमचे भांडार उघडे असते का? पेशंट माझ्यासमोर असतो आणि नातेवाईक मला विचारतात.” त्यांचे म्हणणे रास्त होते. रेशनच्या दुकानात साखर कधी येईल याचा भरवसा नसला की घरोघरी डबे भरून ठेवले जातात, तसेच हे आहे.

म्हणून कपाटांची झडती घेणे हा उपाय नव्हे. भांडारावरचा भरवसा वाढवणे हा आहे. प्रत्येक वॉर्डासाठी परिसेविकेसोबत बसून ठरलेला साठा निश्चित करावा, आठवड्याचे दोन वार पुरवठ्यासाठी पक्के करावेत आणि त्या वारी जेवढा खर्च झाला तेवढीच भर घालावी. रात्रीसाठी तातडीच्या औषधांचा एक ट्रे क्रमांकाच्या प्लॅस्टिक सीलने बंद करून ठेवावा. सील तुटले की काय वापरले ते लिहावे आणि सकाळी ट्रे भरून नवे सील लावावे. भांडाराची दुसरी किल्ली रात्रपाळीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ताब्यात लिफाफ्यात सीलबंद ठेवण्याची पद्धतही चांगली चालते. हे सलग काही महिने न चुकता पाळले की कपाटांतला जादा माल आपोआप परत येऊ लागतो. आमच्याकडे तो आला, आणि त्यातला मुदतीत असलेला माल दुसऱ्या वॉर्डांना देता आला.

श्वानदंशाच्या लशीच्या बाबतीत काटकसर वेळापत्रकातून साधते. त्वचेत टोचण्याच्या पद्धतीत एका वेळी ०.१ मिलीप्रमाणे दोन ठिकाणी, म्हणजे एकूण ०.२ मिली लस लागते. त्यामुळे १ मिलीची एक व्हायल पाच जणांना पुरते, मात्र विरघळवल्यानंतर ती सहा ते आठ तासांतच संपवावी लागते. पहिल्या मात्रेसाठी आलेल्या माणसाला कधीही थांबवू नये, तो ज्या वेळी येईल त्या वेळी त्याला लस मिळालीच पाहिजे. पण तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाच्या मात्रांसाठी येणाऱ्यांना सकाळची एकच वेळ दिली तर उघडलेल्या व्हायलमधले औषध फेकावे लागत नाही.

साठवणुकीबद्दलचे नियम सर्वश्रुत आहेत आणि ते पाळण्यात फारसे अवघड काही नाही. ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यावे, खोकी जमिनीपासून किमान १० सेंटिमीटर उंच आणि भिंतीपासून सुमारे ३० सेंटिमीटर दूर ठेवावीत, मुदतीची तारीख खोक्याच्या दर्शनी बाजूवर जाड अक्षरात लिहावी. मॉर्फिनसारखी औषधे अंमली पदार्थविषयक कायद्याप्रमाणे स्वतंत्र नोंदीसह दुहेरी कुलपात असावीत. कोकणात मात्र पावसाळ्याची दमट हवा हा वेगळाच शत्रू आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची बँडेज मुदत शिल्लक असताना पाकिटातच घट्ट होतात आणि ऐन वेळी पाण्यात बुडवली तरी हाडावर नीट बसत नाहीत. ओआरएसच्या पुड्यांचे खडे होतात. कापसाच्या गठ्ठ्यांना वास येतो. अशा वस्तू जूनपूर्वी मोठ्या प्रमाणावर घेऊ नयेत आणि घेतल्याच तर भिंतीला ओल नसलेल्या खोलीतच ठेवाव्यात. शीतसाखळीतील औषधे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात. वीज गेल्यावर तापमान वाढेल याची सगळ्यांना काळजी असते, पण इन्सुलिन किंवा धनुर्वाताची लस गोठली तरी ती निकामी होते, याकडे कमी लक्ष जाते. फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटलेली खोकी दिसली की मी ती आधी बाजूला काढतो.

बॅच क्रमांकाच्या नोंदीला मी याहून कितीतरी अधिक महत्त्व देतो, आणि त्याचे कारण महाराष्ट्राच्या इतिहासातच आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांची प्रकृती एकाएकी ढासळली, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ जणांचा मृत्यू झाला. औषध म्हणून आलेल्या त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि पुरवठादारापासून रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि मंत्रालयापर्यंतच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. मृत्यू औषधामुळे झाले हे रुग्णालयातील सजग डॉक्टरांनी ओळखले म्हणून वापर थांबला. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही घटना शिकवली पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने बालकांचे बळी घेतले, तेव्हाही विष तेच निघाले.

अशा वेळी वरून आदेश येतो तो अमुक बॅचचा वापर तत्काळ थांबवण्याचा. त्या क्षणी भांडारासमोर तीन प्रश्न असतात. ही बॅच आपल्याकडे आली होती का, ती कोणत्या वॉर्डात गेली आणि कोणत्या रुग्णाला दिली गेली. पहिल्याचे उत्तर चलन आणि ई-औषध प्रणाली देते, दुसऱ्याचे उत्तर भांडाराची देवाण-घेवाण नोंद देते, पण तिसऱ्याला अनेक रुग्णालयांत उत्तरच नसते. वॉर्डाच्या इंडेंटवर ‘पॅरासिटामॉल ५०’ एवढेच लिहिलेले असते आणि बॅचचा माग तिथे संपतो. प्रत्येक गोळीचा बॅच क्रमांक केसपेपरवर लिहिणे शक्य नाही हे मला मान्य आहे. निदान शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांचा, सलाईनचा, लशींचा आणि लहान मुलांच्या पातळ औषधांचा बॅच क्रमांक वॉर्डाच्या नोंदवहीत तारखेसह उतरवून घ्यावा. एका वेळी एका वॉर्डात एकाच बॅचचा माल दिला तर हे काम पुष्कळ हलके होते, कारण मग तारखेवरूनही बॅच ठरवता येते.

मुदतबाह्य झालेल्या औषधांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या वर्गात करायची असते. त्याची निर्लेखनाची, म्हणजे नोंदीतून कमी करण्याची, प्रक्रिया लांबते आणि तोवर तो माल चालू साठ्यापासून वेगळ्या, कुलूपबंद जागेत असणे आवश्यक आहे. मुदत संपायला सहा महिने उरलेल्या मालाची यादी दर महिन्याला काढून ती शेजारच्या ग्रामीण रुग्णालयांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना कळवली तर निर्लेखनाची वेळ पुष्कळ वेळा टळते.

खरेदीच्या पद्धतीविषयी बोलताना तमिळनाडूचे नाव घ्यावेच लागते. तिथे १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभारली गेली, आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाचे नाव झाकून प्रयोगशाळांकडे जाऊ लागले आणि प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळाले. पासबुकातील तरतुदीच्या मर्यादेत आपल्या गरजेप्रमाणे कोणते औषध किती उचलायचे ते रुग्णालय ठरवते. मला त्यातले हे पासबुक सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण वर्षाच्या आरंभी केलेला अंदाज चुकला तरी तो वर्षाच्या मध्यावर दुरुस्त करण्याची सोय त्यात आहे. महाराष्ट्रात २०१७ नंतर खरेदीची जबाबदारी हाफकिन महामंडळाकडे गेली आणि २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. एकत्रित खरेदीमुळे दर उतरतात आणि गुणवत्तेची तपासणी एका ठिकाणी होते, म्हणून मी तिच्या बाजूचा आहे. पण खरेदी जितकी वर केंद्रित होते तितके खालून जाणाऱ्या आकड्याचे ओझे वाढते. गावातल्या दुकानातून आठवड्याची खरेदी करणाऱ्याचा अंदाज चुकला तर आठवडाभर अडचण होते. वर्षाची निविदा चुकीच्या आकड्यावर निघाली तर अख्खे वर्ष जाते.

पुन्हा त्या मागणीपत्राकडे येतो, कारण या महिन्यात आमच्याकडे तेच काम चालू आहे. या वेळी विहित तक्त्यासोबत आम्ही एक स्वतंत्र जोडपत्र पाठवत आहोत. त्यात औषधाच्या नावापुढे चार रकाने आहेत. पहिल्यात औषध किती दिवस उपलब्ध नव्हते ते, दुसऱ्यात स्थानिक खरेदीतून किती घेतले ते, तिसऱ्यात खिडकीवरच्या अनुपलब्ध नोंदवहीतील संख्या आणि चौथ्यात या तिन्हींचा विचार करून काढलेली मासिक गरज. व्हायटल यादीसाठी ‘किती रुग्ण’ हा पाचवा रकाना जोडला आहे. लेप्टोस्पायरोसिसच्या तापावरचे डॉक्सिसायक्लिन, ओआरएस आणि सर्पदंशाची लस यांची मागणी आम्ही तिमाहीवार विभागून लिहिली आहे, कारण लेप्टोस्पायरोसिस आणि सर्पदंशाचे रुग्ण भातलावणीच्या दिवसांत एकदम वाढतात आणि वर्षाच्या सरासरीप्रमाणे समान हप्त्यांत आलेला माल जुलैत अपुरा पडून फेब्रुवारीत कपाटात साचतो.

वैद्यकीय अधीक्षकांनी हे जोडपत्र पाहून एकच शंका काढली. अनुपलब्ध नोंदवहीतील संख्येत तोच रुग्ण दोनदा मोजला जाण्याची शक्यता आहे, कारण औषध मिळाले नाही म्हणून तो दोन दिवसांनी पुन्हा येतो. शंका बरोबर आहे. त्यामुळे मधुमेह आणि रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णांसाठी, ज्यांना महिन्याची औषधे एकदम दिली जातात, आम्ही रेघ ओढण्याऐवजी केसपेपर क्रमांक लिहायला सुरुवात केली आहे. इतरांसाठी रेघच चालू ठेवली आहे. जोडपत्राचा कोरा नमुना ज्या औषधनिर्माण अधिकाऱ्यांना हवा असेल त्यांनी जरूर कळवावे, आणि आपल्या रुग्णालयात अशी नोंद वेगळ्या रीतीने होत असेल तर तीही लिहून पाठवावी. विशेषतः ज्यांच्याकडे खिडकीवर एकच माणूस असतो, त्यांनी ही नोंद कशी बसवली ते समजून घेण्याची मला गरज आहे.